दहा बेचाळीसची बत्ती

जरीपटका, नागपूर
५ मे १९८३

प्रिय प्रेमू,

तुझं पत्र येऊन आज नऊ दिवस झाले आणि मी आत्ता उत्तर लिहायला बसलो आहे. गाडी लेट झाली की कारण लिहावं लागतं आणि ते खरं लिहावं लागतं, हे तीस वर्षं गार्डाची डायरी भरून माझ्या हाडात मुरलं आहे. या उशिरालाही कारण आहे. ते सांगतो, पण मधली स्टेशनं घेत घेत सांगतो. एकदम लिहायला गेलो तर पेन चालत नाही, सकाळपासून तीन कागद फाडले.

आधी घरचं. ऊन असं तापलं आहे की आईने सकाळी गच्चीवर घातलेल्या कुरड्या दुपारी खडखड वाजतात. कूलरची खस बदलली. आईचा गुडघा तसाच आहे, पण तुझं पत्र आलं त्या दिवशी ती जिना दोनदा चढली-उतरली, आनंदाने. हो, आनंदाने. तू रडत लिहिलंस आणि तुझी आई खूश झाली, याचा राग धरू नकोस. तिने पत्रातलं एकच वाक्य धरून ठेवलं, 'नोकरी गेली तर घरी येईन, हिंगणघाटच्या स्थळाचं बाबा म्हणतील तसं करू.' लगेच मला म्हणाली, रुपरावांना कळवा, पोरगी येऊन राहिली. मीही कळवलं. रुपराव या मे महिन्याच्या एकोणतीस तारखेला मुलाला घेऊन येतो म्हणाले.

मी मात्र तुझ्या पत्रातलं वरचं वाचत राहिलो. नऊ एप्रिलला, शनिवारी, तुमच्या वेधशाळेच्या डोंगरावर तारे बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणी एक माणूस मोठ्या घुमटात शिरला, त्याने टॉर्च लावली, आणि तीन तास दुर्बिणीखाली ठेवलेली तुझी फोटोची काच वाया गेली. दाराची कडी तू लावली नव्हतीस असं साहेब म्हणतात. तुला लावल्याचं आठवतं, पण आता तुझाच तुझ्यावर भरवसा राहिला नाही. जूनमध्ये कायम व्हायची ती नोकरी या एका कडीला अडकली आहे. त्या माणसाला तू पत्रात काय काय म्हटलंस! अडाणी, बेजबाबदार, फुकट्या. फुकट्या मात्र नव्हता तो, बाई. त्याने पास काढला होता.

तेव्हा मी मद्रासला होतो हे तुला माहीत आहे. माझ्या गाडीचे जुने ड्रायव्हर मनोहरराव तिथे लेकाकडे राहतात, त्यांना भेटायला म्हणून गेलो होतो. दोन दिवस त्यांच्याकडे काढले आणि तिसऱ्या दिवशी सहज म्हणून पुढची गाडी धरली. नाही, सहज नाही. खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे आणि पहिल्याच पानावर घसरलो. पुढची गाडी धरायचीच म्हणून मी नागपुरातून निघालो होतो.

तुमच्या घाटात वळणं किती ती! एका बाईंनी बसमध्ये सगळ्यांना लिंबू वाटलं. दुपारी वर पोचलो तर चौकीदार म्हणाला, रात्रपाळीचे लोक दिवसा झोपतात, कोणाला उठवायचं नाही, भेट उद्या. संध्याकाळी पाहुण्यांबरोबर तारे बघायचे तर पास घ्या. तुझा बाप आहे हे मी त्याला सांगितलं नाही. पोरगी काय काम करते ते तिला न कळता एकदा बघावं, मग बोलावं, असं मनात होतं. बोलायचं काय होतं ते शेवटी सांगतो.

तर मी पर्यटक झालो. थंडीने कान तुटत होते, डोक्याला मफलर गुंडाळला आणि गच्चीवरच्या रांगेत उभा राहिलो. पुढे एक नवं जोडपं, मागे एक शाळामास्तर. लहान दुर्बीण एक पोरगा दाखवत होता. माझी पाळी आली आणि मी शनी बघितला. अगं, खरंच कडं आहे त्याला! मला वाटायचं, पुस्तकवाले उगाच काढतात. हलत होता थोडा, पण होता. आमच्या चाळीत शनीच्या नावाने लोक किती घाबरायचे, आणि हा बिचारा तिकडे गुपचूप आपलं काम करत बसलेला. मास्तरांनी मागून ढकललं तेव्हा कुठे मी डोळा काढला. मुलगी रोज हे बघते, असं मनात आलं आणि छाती अशी भरून आली की काय सांगू. नेमकं तेव्हाच तुला शोधायची बुद्धी झाली.

मोठा घुमट शंभर पावलांवर. दारावर पाटी होती, आत येऊ नये. दार ढकललं, बंद होतं. प्रेमू, हे नीट वाच. दार बंद होतं. कडी आतून लावलेली होती. गार्डाच्या डब्याची कडी अशीच असते. आत कोणी झोपला की फटीतून डब्याची किल्ली घालून आम्ही ती वर उचलतो. ती किल्ली निवृत्त झाल्यावरही माझ्या खिशात असते, आई हसते त्यावर. घातली, उचलली, आत गेलो. विचार केलाच नाही, हाताने केलं.

आत काळोख. उभा राहिलो, आणि डोक्यावर कुठेतरी रुळावरून चाकं सरकल्याचा आवाज आला. तुमचा घुमट रुळावर फिरतो हे मला काय माहीत! काळोखात, न सांगता, चाकं हललेली ऐकली की गार्डाचा हात बत्तीवर जातो. तो माझा गेला. तीनरंगी टॉर्च कोटात होतीच. पांढरी लावली आणि सरळ वर धरली.

वरून तू ओरडलीस. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. मी बत्ती विझवली. तू शिडीवरून उतरत होतीस. तीन घंटे की मेहनत, म्हणालीस. तुझ्या आईच्या रागाची तीच पट्टी. एक शब्द बोललो असतो तर तू ओळखलं असतंस. मी बोललो नाही. बिनतिकिटाच्या माणसासारखा पळालो, या वयात. फाटकावर चौकीदाराने मला सगळं समजावून दिलं, की पांढरा उजेड पडला की काच गेली, म्हणून आतले लोक लाल दिवा वापरतात. माझ्या हातातच लाल काच होती, गं. घड्याळात तेव्हा दहा पंचेचाळीस झाले होते. पळत यायची तीन मिनिटं वजा केली, म्हणजे बत्ती दहा बेचाळीसला लागली.

पहाटेच्या बसने खाली आलो. आणि आता लाज वाटते ते लिहितो. तुझं पत्र आलं तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं. आपण काही करायला नको, पोरगी आपल्या पायांनी घरी येते. फक्त गप्प बसायचं. छप्पन साली, तू आईच्या पोटात असताना, आम्ही दोघांनी त्या मैदानावर लाखोंच्या गर्दीत दीक्षा घेताना म्हटलं होतं, मी खोटं बोलणार नाही. मी स्वतःला समजावत होतो की देवराव, तू खोटं कुठे बोललास, तू तर बोललाच नाहीस. नऊ दिवस हेच समजावलं. पण माझ्या चुकीने गाडी थांबली आणि डायरीत दुसऱ्याचं नाव पडलं, असं तीस वर्षांत एकदाही झालेलं नाही. मग ते माझ्या पोरीच्या नावावर कसं पडू देऊ?

काल रात्री जेवताना आईला सांगितलं. ती ताटावरून उठली. म्हणाली, "तुम्ही गप बसले असते तं का बिघडलं असतं? पोरगी घरी आली असती ना!" सकाळी बघतो तर कुरड्या डब्यात भरून राहिली. म्हटलं, कोणासाठी? म्हणाली, "प्रेमूसाठी. तिथं डोंगरावर का मिळते?" आणि पदर डोळ्याला लावला. मी तसाच सायकल काढून सदरच्या पोस्टात गेलो आणि रुपरावांना तार केली, येऊ नका.

आता हे पत्र कशासाठी, ते. पाकिटात दुसरा कागद आहे, साहेबांच्या नावाने, इंग्रजीत, इथल्या शाळेच्या मास्तरांकडून तपासून घेतलेला. रिपोर्ट लिहितात तसा लिहिला आहे. वेळ, जागा, कडी बंद होती, कशी उघडली, बत्ती कोणी लावली. खाली माझी सही आणि त्या दिवशीचा पास टाचला आहे. पत्र मिळेल त्याच दिवशी तो साहेबांच्या हातात दे. बापाला वाचवायला म्हणून दाबून ठेवशील तर याद राख. आणि नुसत्या कागदावर त्यांचा विश्वास बसणार नाही, म्हणून चौदा तारखेला, शनिवारी, मी ती किल्ली घेऊन येतो आहे. त्यांच्यासमोर कडी लावून घेईन आणि उघडून दाखवीन. ते रागावले तर ऐकून घेईन, पण तुझं नाव त्या चुकीवरून काढल्याशिवाय डोंगर उतरणार नाही. मागच्या वेळी मी तुला घरी आणायला आलो होतो, प्रेमू. खिशात परतीचं रिझर्वेशन दोघांचं होतं, खालचा बर्थ तुझा, नागपूरपर्यंत रिकामा आला. या वेळी परतीचं तिकीट मी एकाचंच काढलं आहे.

तुझाच, त्या रात्री पळालेला,
बाबा