घरातली माणसं हळू बोलायलेत

१२ जून, गुरुवार. संध्याकाळ.
कमलनगरला पोचलो. पंचेचाळीस दिवस तेलंगणात, बोअरच्या गाडीवर. एकोणसाठ बोअर मारले. मशीनला चिकटून उभा राहणारा मीच. बाकीचे झाडाखाली.

निघताना गाडीमालक शिवशंकर अण्णा म्हणाले, तुझा बॅलन्स गेलाय, दहा दिवस घरी जा, नीट होऊन ये, न्हाईतर दुसरा माणूस बघावा लागेल. गाडीच्या पायरीवरून दोनदा घसरलो म्हणून. चप्पल झिजली होती, दुसरं काही न्हाई.

तरी बसमध्ये विचार केला. बॅलन्स म्हणजे काम आणि घर यांचा बॅलन्स. मोबाईलवर एक मॅडम हेच सांगतात. प्लॅन: पहाटे पाचला चालणे. अर्धा तास योगा. घरच्यांशी रोज दोन तास बोलणे. आजपासून.
(उद्यापासून. आज दमलोय.)

१३ जून, शुक्रवार.
सात वाजता उठलो. अलार्म वाजलाच न्हाई. मोबाईल खराब झालाय. बायको, शोभा, म्हणते वाजला, अर्धा तास वाजला, शेजारच्या पिराजीने येऊन बंद केला. आमच्या अलार्मने पिराजी उठतो आणि मी उठत न्हाई, हे पटण्यासारखं न्हाई.

एक गोष्ट लक्षात आली. घरातली माणसं हळू बोलायलेत. आधी शोभाचा आवाज बसस्टँडपर्यंत जायचा. मी दमून आलोय म्हणून जपत असतील. चांगलं वाटलं.

१४ जून, शनिवार.
दीपमालाने वही आणायला सांगितली. मी अर्धा किलो दही आणलं. पोरगी बघतच राहिली. यंदा बारावी पास झाली, पण शब्द तोंडातल्या तोंडात. ठराव: तिच्याकडून रोज अर्धा तास पेपर मोठ्याने वाचून घेणे.

टीव्हीचा स्पीकर पण बसलाय. आवाज पूर्ण वाढवला तेव्हा कुठं बातम्या कळल्या. पिराजी दारात येऊन हात हलवायला लागला. मी पण हलवला.

१५ जून, रविवार.
चालणं राहिलं. योगा केला. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं, मॅडम दोन मिनिटं राहतात. माझे तीन सेकंद झाले. मग पडलो. कोपर खरचटलं. गच्चीला उतार आहे. गवंड्याने तेव्हाच नीट बघायला पाहिजे होतं.

१६ जून, सोमवार.
सासूबाई, सुभद्राबाई, निर्ण्याहून आल्या. बसल्या बसल्या काहीतरी विचारलं. मी म्हणालो, एकोणसाठ. शोभाने नंतर कानाजवळ येऊन सांगितलं, जेवलाव का म्हणून विचारायली होती.

म्हाताऱ्या माणसांना दात नसतात, त्याला मी काय करणार.

१७ जून, मंगळवार.
आजचा दिवस सोन्याचा. दीपमाला आपणहून जवळ येऊन बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, खाली मान घालून लई वेळ बोलली. मी बरोबर जागेवर मान हलवली. शेवटी तिने काहीतरी विचारलं. मी ठामपणे म्हणालो, व्हय, अगदी बरोबर, तसंच कर.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाप असा ऐकून घेतो म्हटल्यावर कोणत्याही पोरीला भरून येणारच. मलाही आलं. बॅलन्स जमायलाय.

१८ जून, बुधवार.
दीपमाला जेवली न्हाई. शोभाने ताट जरा आपटलं. तेवढं सोडलं तर घरात एकदम शांतता. मॅडम म्हणतात ती शांतता हीच असावी.

१९ जून, गुरुवार. दुपार.
शोभा गच्चीवर आली. हातात कॅलेंडरचं जुनं पान. मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पोरीनं विचारलं, नर्सिंगचं ॲडमिशन सोडू का, आणि तुम्ही व्हय म्हणालाव. उद्या शेवटची तारीख.

वाचलं. परत वाचलं. म्हणालो, कामून सोडायली पण?

तिने तिथंच भिंतीवर कागद धरून खाली लिहिलं: अण्णांचा फोन आला होता. तुम्हाला मागून हाक मारली तरी कळत न्हाई, मशीनवर धोका हाय म्हणाले. कानाची तपासणी केल्याशिवाय गाडीवर घेणार न्हाईत. पोरीनं ते ऐकलं.

मी म्हणालो, मला सगळं ऐकू येतं. शोभा काही बोलली न्हाई. म्हणजे माझ्या मते न्हाई.

खाली जाऊन दीपमालाला सांगितलं, उद्या सकाळी बिदरला जायचं, ॲडमिशन घ्यायचं, विषय संपला. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. ओठांवरून कळलं. म्हणायली, अप्पा, ओरडायलाव कामून.

पण हसत होती.

२० जून, शुक्रवार. बिदर.
सकाळच्या बसने तिघं आलो. साडेअकराला ॲडमिशन झालं. पालक म्हणून सही माझी. दीपमालाने पावती चारदा उघडून बघितली.

बाहेर आल्यावर शोभाने मनगट धरलं ते सोडलं कानाच्या दवाखान्यात. गेलो. तिचा संशय एकदाचा फिटू दे.

काचेची छोटी खोली. मोठा हेडफोन. तपासणारी मुलगी मास्क लावून, त्यामुळे काय बोलते ते दिसेना. भिंतीवर पाटी होती: आवाज आला की बोट वर करा. सोपं आहे. नीट लक्ष देऊन बसलो. पहिला आवाज लगेच आला. बोट वर. मग दुसरा, तिसरा. काही अगदी बारीक होते, तेही सोडले न्हाईत. अकरा वेळा बोट वर केलं. काचेपलीकडे शोभा आणि दीपमाला उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून मान हलवली, काळजी करू नका म्हणून.

मुलगी दार उघडून आत आली. हेडफोन काढला. कागदावर लिहून माझ्यापुढं धरलं: काका, जरा थांबा. मशीन अजून चालू केलेलं नाही.