टाच

सोमवार, ३ जून

आजही सरांनी खेळ मधेच थांबवला, सगळ्यांना बोलावलं आणि धाकटीकडे बोट दाखवलं. "हिला बघा. समोरचीने मारायच्या आधीच ही निघालेली असते."

धाकटी म्हणजे माझी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा बाईला बॅडमिंटनची रॅकेट कशी धरतात तेसुद्धा माहीत नव्हतं. क्लबात आणली मी. बूट घ्यायला दुकानात गेले मी. आणि आता आरती तिची! जोडीने खेळतो आम्ही — मी पुढे जाळ्याशी, ती माझ्या मागे. पुढे उभी राहूनही मी कुणाला दिसत नाही.

बुधवार, ५ जून

जळतेय मी. इथे तरी खरं लिहावं.

क्लबाच्या मोठ्या सामन्यांत आमच्यातल्या वकीलबाईंच्या जोडीला एकच जागा आहे. मी किंवा धाकटी. सर शनिवारी सांगणार. शाळेपासून खेळतेय, पण या सामन्यांत उतरायला कधी मिळालं नाही. आणि गुडघा आताच कुरकुरायला लागलाय, पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं!

जेवताना हे म्हणाले, "ती चपळ आहे हं." सासूबाईंनी लगेच री ओढली. मी वाटी जरा जोरातच ठेवली.

चपळ म्हणे! सकाळी दूध उतू जात होतं, ही गॅसशेजारी ढिम्म उभी. मी आतल्या खोलीतून धावत येऊन बटण फिरवलं. रस्ता ओलांडतानाही माझ्या मागे मागे. मी पाऊल टाकणार, मग ही टाकणार. पण हे कोण बघतं?

गुरुवार, ६ जून

आज सरांनी भिंतीवर दिवे लावले होते. जो पेटेल त्याला पटकन हात लावायचा. मी पहिली! धाकटी जवळजवळ शेवटची. मनात लाडू फुटले माझ्या.

पण सरांचं ऐका. म्हणे, दिवा पेटतो तो खरंच पेटतो, माणूस मात्र फसवतं. शटल दिसल्यावर पाय हलवाल तर उशीर झालेला असतो. समोरचीचा खांदा, कंबर, मनगट बघून आधीच ठरवता आलं पाहिजे. हिचे हातपाय हळू आहेत, म्हणजे हिची नजर किती तयार असेल बघा!

म्हणजे शेवटून दुसरी आली तरी कौतुक तिचंच. धन्य आहे!

गुरुवारीच, संध्याकाळी

न राहवून तिला विचारलं, तू नेमकं कुठे बघतेस गं? लाजली. "असंच, ताई." आणि कणीक मळायला लागली. असंच म्हणे. सांगायचं नाही एवढंच. आतल्या गाठीची आहे!

शनिवार, ८ जून

तिला घेतलं.

नळ मोठा सोडून रडले. बाहेर आले तर दारात हीच. म्हणे, ताई, तुम्हीच जा, मी सरांना सांगते. मी म्हटलं, "तुझ्या दयेवर खेळायची वेळ आली नाही माझ्यावर." तिचा चेहरा एवढासा झाला. झाला तर झाला.

रविवार, ९ जून

आज पहिला सामना झाला. वकीलबाई पुढे, धाकटी मागे. शटल डावीकडे, तर ही उजवीकडे! ते जाळ्याशी पडतंय, तर ही मागच्या रेषेवर. वकीलबाई दोनदा तिला धडकल्या. सरांनी डोक्याला हात लावला. पार धुव्वा उडाला.

आणि मी? समोरच्यांच्या गुणाला माझ्याकडून टाळी वाजली. शेजारचीने बघितलं माझ्याकडे. लाज वाटली, पण आनंद जास्त झाला.

एक सामना अजून बाकी आहे. मंगळवारी.

सोमवार, १० जून

धाकटी सकाळी चहा घेऊन खोलीत आली. डोळे सुजलेले. कप ठेवला आणि उभीच राहिली.

"ताई, मी समोर कधी बघतच नाही. मला नाही कळत त्यातलं काही. मी तुमची टाच बघते."

माझी टाच!

म्हणे, समोरची मारायच्या आधीच माझी टाच उचलली जाते. उजवी उचलली की मी डावीकडे निघणार, मग ती उजवीकडे पळते. डावी उचलली की उलट. दोन्ही जमिनीवरच राहिल्या की शटल डोक्यावरून मागे येणार, ते तिचं. वकीलबाईंच्या टाचा काहीच सांगत नाहीत, म्हणून काल तिला काही सुधरेना. मला तर हे ठाऊकच नव्हतं! आपली टाच आपण कधी बघतो?

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुमचं लक्ष गेलं असतं ना तिकडे. आताही सरांना सांगू नका, ताई. कुणालाच नको."

मी हो म्हटलं. आणि कप रिकामा व्हायच्या आत सरांना फोन लावला! कसं राहवणार? इतके महिने जे कौतुक चाललं होतं ते माझं होतं. माझं! सर म्हणाले, उद्या तुम्ही दोघीच उतरा, वकीलबाईंना मी समजावतो. दुपारपर्यंत क्लबभर झालं होतं. हेसुद्धा वाकून माझ्या पायांकडे बघत होते. सासूबाई हसल्या.

संध्याकाळचा चहा धाकटीने सासूबाईंच्या हाती पाठवला.

मंगळवार, ११ जून

सर, वकीलबाई, बाकावरच्या सगळ्या — नजरा माझ्या टाचांवर. माझंही सगळं मन तिथेच. समोरचीने हात उचलला आणि माझ्या दोन्ही टाचा जमिनीला चिकटल्या. शटल जाळ्यावरून टपकन माझ्या पुढ्यात पडलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

वळून बघितलं तर धाकटी पार मागच्या रेषेवर उभी होती.