गाणं संपेपर्यंत हात सोडायचा नाई

५ एप्रिल, रवि.
रूपेशचं नवीन खूळ. त्याच्या रिसेप्शनमंधी मम्मी-पप्पाचा कपल डान्स पाहिजे म्हणे. नवरीकडचे आईबाप करून राह्यले, मंग आपले काऊन नाई? म्या म्हटलं, बापा, तुह्या बापानं लग्नातही माहा हात नीट धरला नाई. हे पेपर वाचत होते. "करू," म्हणाले. म्या तोंडात बोटच घातलं! पोरासाठी कायबी. पोरीसाठी...
जाऊ दे.

७ एप्रिल
कॉलनीच्या हॉलात पयली प्रॅक्टिस. शिकवणारी पूजा, मागच्या लाइनीतली. माहा उजवा हात रूपेशच्या पप्पाच्या डाव्या हातात, यायचा दुसरा माह्या पाठीवर. पुरुषाचा डावा पाय पुढं, बाईचा उजवा मागं. मंग बाजूले, मंग पाय जुळवायचे. चौकोन होते म्हणे. आमचा कायचा होते! हे खदानीतून फर्स्ट शिफ्ट करून आलेले, पाय जड. माहा अंगठा सुजला. पूजा ओरडते, "काकाजी, खाली नका पाहू, काकूकडे पाहा."
मनूनं आपल्या मनानं लग्न केलं आन् यायनं पोरीले दार लावलं, तवापासून हे माह्या तोंडाकडे पाहतच नाई.

९ एप्रिल
पत्रिका आल्या. "पोंभुर्ण्याले एक धाडू, मनूच्या घरी," इतकंच म्हटलं, तर चप्पल घालून बाहेर! तीन वर्षं हेच. नाव निघालं की मानूस उठून चालला. पोरगी आता माहाही फोन उचलत नाई. सख्ख्या भावाचं लग्न आन् बहीन... मी रात्री जेवली नाई.

१२ एप्रिल, रवि.
पूजा म्हणे, चुकलं तरी चालते, पर गाणं संपेपर्यंत हात सोडायचा नाई.
तवा डोक्यात आलं. आता कुठी उठून जाईन हा मानूस?
मागं पाय टाकता टाकता म्हटलं, "मनूले बोलवा. नाई तर मी नाचत नाई."
पाय थांबले. वाटलं, आता झटकतात हात. पूजा तिकडून, "काकाजी, काऊन थांबले?" यायनं पुढचं पाऊल टाकलं. हात नाई सोडला.
घरी येऊन टीव्ही मोठ्यानं लावून बसले.

१५ एप्रिल
हे प्रॅक्टिसले येतच नाई. म्याही अडून. रूपेश म्हणते, "मम्मी, माह्या लग्नात तमाशा नको करू." तूही बापावरच गेला रे. मी मोरीत जाऊन रडली.

१७ एप्रिल
उद्या हळद. शेवटची प्रॅक्टिस. आपणहून येऊन उभे राह्यले, हात पुढं केला. धरला म्या. चौकोन पयल्यांदा बरोबर जुळला. गाणं अर्ध्यात आलं आन् यायनं मान वर केली. डोळे लाल. घाबरलीच मी.
"म्या फोन केला होता," म्हणाले. "काल. आजही दोनदा. उचलत नाई पोरगी."
म्या यायचा हात आणखी घट्ट धरला.
"मनू येईन का वं?"
इतक्या दिवसांनी यायच्या तोंडून तिचं नाव. काय सांगू? मले तरी कुठी माहीत. गाणं संपलं, पूजा पंखे बंद कराले गेली. आमी तसेच उभे, हात धरून.