दाजींच्या गाडीचा जाम पिस्टन

कळंब, बुधवार

तीर्थरूप हिंमतराव दाजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, अमरसिंहचा दंडवत.

गुडघा कसा आहे? डोळ्यात थेंब वेळेवर टाकता ना? इकडं आम्ही सगळे बरे आहोत. (गाडी बरी नाही. फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहून तुमच्याकडं निघालेल्या तामलवाडीच्या माणसाबरोबर धाडतोय.)

अक्का गेल्यावर तुम्ही मोटारसायकल आमच्या गोठ्यात आणून लावली, चावी माझ्या हातावर ठेवली अन् म्हणालात, "मला ती दारात बघवत न्हाय. तू आठवड्याला किक मारत जा." सहा वर्षं झाली. दर शनिवारी तुम्ही फोनवर विचारता, मी सांगतो, पहिल्या किकला सुरू झाली. दाजी, मी एकदाही किक मारली नाही. पहिल्या आठवड्यात विसरलो, दुसऱ्या आठवड्यात लाज वाटली, पुढं खोटं बोलायची सवयच लागली. अन् परवाच्या शनिवारी तुम्ही म्हणालात, "रविवारी येतो, एकदा तिच्यावर बसतो." माझ्या हातातला चहा सतरंजीवर सांडला. (सतरंजी त्याच दिवशी धुतलेली होती. आमच्या हिनं त्याचा वेगळा तमाशा केला.)

तेव्हापासून झुंजतोय. किक खाली जाईना म्हणून तिच्यावर उभा राहिलो, तर आम्ही दोघंही जागच्या जागी. शंभुलिंग मिस्त्री म्हणाला, "पिस्टन गंजून जाम झालाय. प्लग काढून डिझेल ओता अन् दम धरा." डिझेल ओतलं, दम मात्र निघाला नाही. इंजिनाचं हेड खोलायला गेलो, तर चौथ्या बोल्टाची मुंडी तुटून हातात आली. मिस्त्रीनं उरलेल्या बुडख्यावर नट वेल्डिंग करून तो फिरवून काढला. मला वाटलं जिंकलो. मग पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हातोडी मारली, तर ठोकळा फुटला. डिझेल संपलं म्हणून शेंगदाण्याचं तेल कडकडीत तापवून ओतलं. गोठाभर भज्यांचा वास सुटला, पिस्टन हलला नाही. सायलेन्सरमधून उंदरांनी साठवलेली शेंगांची टरफलं पडली. (त्या शेंगा चोरल्याच्या संशयावरून मी शेजारच्या वीरप्पाशी दोन वर्षं बोललो नाही.)

काल सीट उचकटली. खाली अक्काची केसातली पिन सापडली. पुसून डबीत ठेवली आहे. त्यानंतर हातोडी उचलवेना.

तेव्हा दाजी, रविवारी येऊ नका. तुमच्यापुढं कोणतं तोंड घेऊन उभा राहू?

तुमचा खोटारडा,
अमरसिंह

ता. क. आमच्या हिनं, शिवकन्येनं, हे पत्र वाचून कपाळाला हात लावला. ती म्हणते, तीन वर्षांपूर्वी आमच्या लेकीच्या, वैष्णवीच्या साखरपुड्याला तुम्ही आला होतात, तेव्हाच गोठ्यात जाऊन गाडी बघितलीत. वर तिला म्हणालात, "त्याला बोलू नको, नाहीतर माझा फोन उचलायचा बंद करील." म्हणजे तीन वर्षं मी थापा मारतोय अन् तुम्ही सगळं ठाऊक असून "शाब्बास" म्हणताय?

आणखी एक. रविवारी याच. पिस्टन अजून अडकलेलाच आहे. एकानं इंजिन धरायचं अन् दुसऱ्यानं ठोकायचं, असं ते दोघांचं काम आहे. एकट्याला होत नाही. चार दिवसांचे कपडे घेऊन या. डॉक्टरांनी तुम्हाला गाडी चालवू नका म्हटलंय, त्याची काळजी नको. ही चालत नाही.