पहाडाचं गाणं परत जोडण्याबाबत

चिरंजीव भाचेसाहेब,

मामाचे अनेक आशीर्वाद. (आजवर तुला ‘गधड्या’ म्हणत आलो, तेव्हा ‘साहेब’ वाचून दचकू नकोस; तुझ्या आईला तर दाखवूच नकोस.) पाठ कशी आहे? थिएटरच्या त्या मशीनखोलीत भट्टीसारखं उकडतं, पाणी पीत जा. माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त काल दोनदा आंघोळ केली आणि आज स्वतःच्याच घरावरून सरळ पुढे निघून गेलो.

कारण सांगतो. आमच्या पहाडाचा नवा सिनेमा तू लावलास, त्याच्या पहिल्याच खेळाला आमचं पहाडप्रेमी मंडळ, म्हणजे न्हावी, रिटायर कंडक्टर, कंपाउंडर आणि चिटणीस या नात्याने मी, पुढच्या रांगेत हजर होतं. तीस वर्षांत या नटाने पडद्यावर ठोसे मारण्यापलीकडे काही केलं नाही आणि आम्हीही दुसरं काही मागितलं नाही. (ठोसे आम्ही मोठ्याने मोजतो. विक्रम एकेचाळीसचा आहे.) यात तो शाळेचा पहारेकरी. मध्यंतरानंतर एक चिमुरडी रडत येते, आम्ही मोजायला तोंडं उघडतो, आणि पहाड तिला मांडीवर घेऊन चक्क गाऊ लागतो!

काय तो आवाज! जाडाभरडा, दोन ठिकाणी फाटलेला. पण चौथीत कवितेच्या तासाला खिडकीतून पाटीवर ऊन यायचं, तसं काहीतरी अंगावर आलं. मी डोळे पुसतोय तोच कंडक्टर ओरडला, “अरे, पहाड गातोय! उद्या तांदूळ निवडत बसेल!” न्हावी म्हणाला, “लाज आणली राव.” कंपाउंडर नुसताच खोकला. आणि माझा ओला रुमाल कुणाला दिसू नये म्हणून मी सगळ्यांत मोठ्याने म्हणालो, “हे गाणं कापलंच पाहिजे!”

मग काय, चिटणीस मीच, अक्षरही माझंच बरं. गाणं कापा म्हणून तुला आलेला तो अर्ज मी लिहिला. (पहिल्या चार ओळी वृत्तात होत्या, हे तुझ्या ध्यानात आलं नसणारच.) वाटलं, अर्जाला कोण विचारतं! पण मामाचं अक्षर पाहून तू नेमका आज्ञाधारक निघालास. दुसऱ्या दिवसापासून पोर रडत येते आणि पुढच्याच क्षणी हसत निघून जाते. मंडळाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तेव्हापासून चैन नाही. पहिलं कडवं येतं, दुसरं अर्धं येतं, पुढे भिंत. चौथीत गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं, तेव्हाही असाच अडकलो होतो. खरं सांगायचं तर अजून तिथेच उभा आहे. पण तेव्हा निदान पुस्तक होतं, इथे पान मीच फाडायला लावलं. तुझी मामी म्हणते, “एक तर पुरतं गा, नाहीतर गप्प बसा.” दोन्ही जमत नाही.

बाकी सगळं क्षेम. उत्तराची घाई नाही.

तुझा,
मामा

ता. क. : घाई आहे. गुरुवारी सिनेमा उतरतो. फिल्मचा तो कापलेला तुकडा फेकला नसशील, तर गुरुवारी दुपारच्या खेळाला, एकदाच, जोड. मी मागच्या रांगेत खांबाआड बसेन. मंडळाला कळता कामा नये.

ता. क. २ : पाकीट फोडून लिहितोय. टपालपेटीच्या तोंडात कंडक्टरच्या अक्षरातलं पाकीट अर्धवट अडकलेलं होतं, तुझ्या नावाचं. न्हावी शेजारीच उभा. त्याने आपलं पाकीट पाठीमागे लपवलं, मी माझं. दोघे हवापाण्यावर बोललो. तेवढ्यात समोरून कंपाउंडर हातात पाकीट घेऊन आला आणि आम्हाला पाहून खोकत परत फिरला. तरी मागच्या रांगेत खांब किती आहेत, तेवढं मोजून कळव.