सोमेश्वरची चावी

६ ऑक्टोबर २०२५
मेल्या माणसाला चोर म्हणून राह्यलेत! कंपनीचा मेल आला – गिऱ्हाइकांची माहिती बाहेर गेली ती सोमेश्वरच्या चावीनं. चावी म्हणजे काय, क्लाउडवरच्या मशीनमधी शिरायचा लांबलचक पासवर्ड. सोमेश्वर तर २ ऑगस्टलाच गेला, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून. आता जाब कोण देणार?
तो, मी अन् माझा नवरा कल्याण – तिघं एकाच कंपनीचे, जाफराबादेत बसून घरून काम करणारे. कल्याण मेल वाचून नुसता उठून गेला. शाळेपासूनचा जोडीदार त्याचा.

७ ऑक्टोबर
सोमेश्वरची बायको शीतल आल्ती. "ताई, मामंजींनी पारावर बसणं सोडलं. लोकं तोंडावर बोलून राह्यले. तुम्हाला त्यातलं कळतं, बघा ना." म्हणलं, बघते. शब्द देऊन बसले.
तसं सोपं आहे. आमचे क्लाउड तीन कंपन्यांचे, पण तिन्हीचं सगळं एका तक्त्यात दिसतं. क्वेरी लिहायची, म्हणजे तक्त्याला सवाल टाकायचा – २ ऑगस्टनंतर सोमेश्वरची चावी वापरली गेली का? गेली असेल तर चोर दुसरा. मेलेला माणूस चावी लावत न्हाई.

८ ऑक्टोबर
सवालाला उत्तर म्हणून एक ओळ आली न्हाई. म्हणजे तो गेल्यावर चावी कुणी वापरलीच न्हाई. शीतलला काय तोंड दाखवू?

१० ऑक्टोबर
भाकरी थापता थापता डोक्यात उजेड पडला, अन् तव्यावरची करपली. येडी मी! तिसरी क्लाउड कंपनी 'शेवटचा वापर' हा रकाना भरतच न्हाई. अन् रिकामा रकाना तारखेच्या सवालातून गुपचूप गळून जातो. मी समजले, वापर न्हाई. अगं बाई, रिकामं म्हणजे ठाऊक न्हाई!
त्या कंपनीकडून कोण कधी आत शिरलं त्याच्या नोंदी मागवल्यात. कल्याण म्हणतो, "कशाला उकरून राह्यलीस? गेलेल्याला काय फरक पडतो?" मंग भांडलेच. म्हणलं, शीतल जिती आहे ना!

११ ऑक्टोबर
नोंदी आल्या. २० ऑगस्ट, भर दुपारी, सोमेश्वरची चावी. चोर दुसराच! टाळीच वाजवली मी.
मंग चावी जिथून लावली त्या इंटरनेटचा आकडा, म्हणजे आयपी, वाचला.
पाठ आहे तो मला. घरून काम करता यावं म्हणून कंपनीला मीच कळवला होता. आमच्या घरचा आकडा. त्या दिवशी मी आईकडं राजूरला गेल्ते. घरी कल्याण एकटा.
त्याला विचारायचीही भीती वाटते.

१२ ऑक्टोबर
शीतल आल्ती. "काही निघालं का, ताई?"
कल्याण बाजूलाच चहा गाळत होता. तिलाही कप दिला त्यानं.
"न्हाई," म्हणले मी.
"लई केलं तुम्ही माझ्यासाठी," म्हणली.