अण्णांच्या ओळी

३ फेब्रुवारी
टोमॅटोची पानं चुरमडली आहेत. पॉलिहाऊसच्या मागच्या बाजूला, अण्णांच्या ओळींत. पानांवर फिकट-गडद ठिपके, शेंडे दोऱ्यासारखे बारीक. अण्णा म्हणाले, खत कमी पडलंय. माझ्या वडिलांच्या मते जगात जे काही बिघडतं ते खत कमी पडल्यामुळेच.

५ फेब्रुवारी
प्रयोगशाळेच्या बाई येऊन गेल्या. मोझॅक! विषाणू आहे, औषध नाही — हे त्यांनी उद्या ऊन पडेल म्हणावं तसं सांगितलं.

आजारी झाड मुळासकट उपटायचं आणि जागच्या जागी पिशवीत भरायचं. काम निरोगी ओळींपासून सुरू, आजारी ओळ शेवटी. हात साबणाने धुवायचे, शिवाय प्रत्येक झाडानंतर बोटं साय काढलेल्या दुधात बुडवायची, दुधाने विषाणू निष्प्रभ होतो. आणि तंबाखू दाराबाहेर. सिगारेटमधूनही रोग येतो म्हणे, ओढणाऱ्याच्या बोटांवरून.

दुधाच्या वाट्या ठेवल्या. अण्णांची वाटी मांजरानेच साफ केली.

६ फेब्रुवारी
टेम्पोवाल्याला फैलावर घेतलं. सिगारेट विझवतो आणि त्याच हातांनी क्रेट उचलतो. तो म्हणाला, ताई, मी कधी आत पाऊल तरी टाकलंय का? खरं आहे, क्रेट तो दारातूनच घेतो. तरी सुनावलं. कुणाला तरी सुनवायचंच होतं.

१२ फेब्रुवारी
पुन्हा निघाली आजारी झाडं. सगळी अण्णांच्या ओळींत, माझ्याकडे एकही नाही. मी बगलफुटी, म्हणजे पानाच्या बगलेतले जादा कोंब, कात्रीने काढते, अण्णा नखाने खुडतात. देठ कोवळा की जून ते कात्रीला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

बाईंना फोन केला. नखाने खुडायला हरकत नाही, हात स्वच्छ हवेत, म्हणाल्या. वडील सिगारेट ओढतात का? मी ठामपणे नाही म्हटलं. हृदयाच्या ऑपरेशननंतर सोडली, माझ्या डोक्यावर हात ठेवून. फोन ठेवला आणि मग मनात शंका आली.

१३ फेब्रुवारी
अण्णांची बोटं बघितली. टोमॅटोच्या चिकाने हिरवी-काळी, कायमचीच. त्याखाली सिगारेटचा पिवळा डाग असला तरी दिसणार कसा? जेवताना जवळ सरकून वास घेतला. सख्ख्या बापाला हुंगतेय! लाज वाटली.

१५ फेब्रुवारी
अण्णांना बाहेर टोमॅटो निवडायला बसवलं. तुमची पाठ दुखते ना, म्हटलं. त्यांची पाठ दुखत नाही. त्यांनी स्टूल उचललं आणि बाहेर गेले.

२४ फेब्रुवारी
नवीन एकही झाड आजारी नाही. बाई खूश. मी पण खूश असायला हवं.

अण्णा कच्चे-पिकलेले एकाच क्रेटमध्ये टाकतात. लक्ष सगळं आत, जाळीतून बघत असतात. मी माझ्या ओळीत त्यांच्याकडे पाठ करून उभी राहते.

२६ फेब्रुवारी
पाण्याच्या टाकीमागे सापडले. बोटांत सिगारेट. लपवली नाही. ऑपरेशन, शपथ, उपटलेली झाडं — मी एका दमात सगळं काढलं.

"पाकीट मी बाहेरच ठेवत होतो की," म्हणाले. तंबाखू दाराबाहेर याचा अर्थ त्यांनी तेवढाच घेतला होता!

मग म्हणाले, "मध्ये डॉक्टरांकडे एकटाच जाऊन आलो. हृदय थकलंय, आता करण्यासारखं काही उरलं नाही म्हणाले. म्हटलं, मग कशाला मन मारायचं? पीक निघाल्यावर तुला सांगणार होतो."

मी तिथेच टाकीला टेकून बसले. इतके दिवस चढलेला राग कुठे ठेवायचा ते कळेना. त्यांनी सिगारेट विझवली आणि विचारलं, माझ्या ओळी कोण खुडतंय? मीच, म्हटलं. कात्रीने? हो. त्यांनी तोंड वाकडं केलं.

२७ फेब्रुवारी
आज अण्णांना त्यांच्या ओळींत परत नेलं. झाडं गेली तर जाऊ देत.